जवळचा रस्ता आणि लवकरचा रस्ता: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

शहरात गाडी चालवताना रस्ता कसा निवडावा, याबद्दल आलेल्या पत्रांमधले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

घोडबंदर रोडवरून वांद्रे-कुर्ला संकुलात रोज मोटारीने जाते. अ‍ॅप एक दिवस सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता दाखवतं, दुसऱ्या दिवशी चुनाभट्टीचा उड्डाणपूल, कधी पवईवरून जोगेश्वरी-विक्रोळी रस्ता. फरक दोन-तीन मिनिटांचा असतो. रोज त्याचं ऐकावं का? (ठाणे)

फरक दोन-तीन मिनिटांचाच असेल तर ऐकू नका. मोठ्या चौकात सिग्नलचं एक चक्र दोन ते तीन मिनिटांचं असतं. म्हणजे एक लाल दिवा चुकला की अ‍ॅपने दाखवलेली सगळी बचत तिथेच संपते. तासाभराच्या प्रवासात पाच मिनिटांच्या आतला फरक बरोबरीचाच धरावा.

रोजच्या नोकरीसाठी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: वाईट दिवशी हा रस्ता किती वेळ घेतो? अ‍ॅप त्या क्षणीचा अंदाज सांगतं. तुम्हाला मात्र साडेनऊला आत असायचं आहे. ते रोज जमायला हवं, सरासरीने जमून भागत नाही.

हे शोधायला चारेक आठवडे वही पुरते. दोन रस्ते निवडा. रोज एकाच वेळी निघा, आणि वेळ फाटकापासून न मोजता घराच्या दारापासून कामाच्या खुर्चीपर्यंत मोजा, कारण पार्किंग शोधण्याचा आणि लिफ्टचा वेळही त्यातच येतो. सोमवार आणि पावसाचे दिवस दोन्ही रस्त्यांच्या वाट्याला सारखे येऊ द्या. प्रत्येक रस्त्याच्या दहा नोंदी झाल्या की त्या चढत्या क्रमाने लिहा. समजा असं निघालं:

पहिला रस्ता: ५५, ५६, ५७, ५८, ५८, ५९, ६०, ६१, ६३, ६६ मिनिटं.
दुसरा रस्ता: ४४, ४६, ४७, ४८, ५०, ५२, ५५, ५८, ७४, ८६ मिनिटं.

सरासरी पहिल्याची ५९, दुसऱ्याची ५६. वरवर दुसरा सरस. आता नववी नोंद बघा: ६३ आणि ७४. दहापैकी नऊ दिवस वेळेवर पोहोचायचं तर दुसऱ्या रस्त्यासाठी ११ मिनिटं आधी निघावं लागेल. आठवड्यातून एकदाच जाणाऱ्याने, किंवा ज्याला उशीर चालतो त्याने, दुसरा रस्ता घ्यावा. हजेरीचं यंत्र वाट बघत असेल तर पहिला.

अ‍ॅपमध्येच याची थोडी झलक मिळते. निघण्याची किंवा पोहोचण्याची वेळ आधी भरली की गूगल मॅप्स एकच आकडा न देता ‘४५ मिनिटं ते १ तास २० मिनिटं’ अशी कक्षा दाखवतं. बहुतेकांची नजर डावीकडच्या आकड्यावर जाते. बघायचा असतो उजवीकडचा. संगणकावर हाच नकाशा उघडला तर ताज्या वाहतुकीऐवजी नेहमीची वाहतूक निवडून वार आणि वेळ सरकवता येते. नवीन घर किंवा नोकरी बघताना हे पाच मिनिटांचं काम जरूर करावं.

कोथरूडहून हिंजवडीला जातो. सकाळी दहा मिनिटं उशिरा निघालं तर पोहोचायला वीस-पंचवीस मिनिटं उशीर होतो. हे गणित कसं? (पुणे)

गणित रांगेचं आहे. जिथे रस्ता आवळतो तिथे ते उलगडतं, मग ती जागा वाकडच्या पुलाखालची असो वा भूमकर चौकातली.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पद्धतीत सिग्नलवरून हिरव्या दिव्यात सुटणारी वाहनं मोजायला एक सोपं सूत्र आहे: रस्त्याची त्या बाजूची रुंदी मीटरमध्ये घ्या आणि ५२५ ने गुणा. उत्तर येतं ते सलग हिरवा दिवा असता तर तासाला किती ‘मोटारी’ सुटल्या असत्या याचं. मोटार म्हणजे एक, दुचाकी साधारण अर्धी, बस दोन-तीन मोटारींइतकी. सात मीटर रुंदीला ३,६७५. पण १६० सेकंदांच्या चक्रात हिरवा दिवा फक्त ४० सेकंद असेल तर याच्या चौथाई, म्हणजे तासाला सुमारे ९२० मोटारीच सुटणार.

आता साडेआठपासून तासाला १,१०० मोटारी येऊ लागल्या. तासाला १८० जास्तीच्या. नऊ वाजता रांगेत ९० गाड्या असतील आणि शेवटच्या गाडीला सुमारे सहा मिनिटं थांबावं लागेल. साडेनऊला रांग १८० ची, थांबणं बारा मिनिटांचं. साडेनऊनंतर ओघ ७०० वर उतरला, तरी साचलेल्या १८० गाड्या तासाला २२० च्या गतीने ओसरणार. रांग संपायला साधारण १०:२० होतील. गर्दीची वेळ संपली असं वाटून पावणेदहाला निघणारे फसतात ते यामुळे. साडेआठच्या आत तो चौक ओलांडला तर रांगच भेटत नाही. सव्वाआठला तिथे पोहोचणाऱ्याला थांबावंच लागत नाही, पावणेनऊला पोहोचणाऱ्याला सुमारे तीन मिनिटं, आणि सव्वानऊला पोहोचणाऱ्याला सुमारे नऊ.

वाटेत असे तीन चौक असले म्हणून थांबणं तिप्पट होत नाही. पहिला आवळलेला चौक पुढच्या चौकांना गाड्या बेताने सोडतो, त्यामुळे पुढे रस्ता मोकळा भेटतो. खरा घोटाळा होतो तो रांग मागे वाढत मागच्या चौकात शिरली की. मग ज्यांना हिंजवडीला जायचंच नाही तेही त्यात अडकतात. आपल्याकडे चौकात घुसून उभं राहायची सवय आहे, म्हणून हे फार लवकर घडतं. पुढे जागा नसेल तर हिरव्या दिव्यातही पांढऱ्या पट्टीमागे थांबावं. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्यावेत.

रस्ता निवडताना उपयोग काय, तर मैल मोजू नका. वाटेतल्या आवळणाऱ्या जागा मोजा, आणि त्या प्रत्येक जागी उजवीकडे वळायचं आहे का ते बघा. आपल्याकडे उजवं वळण समोरून येणाऱ्यांना छेदून जातं, त्याला हिरवा दिवा कमी मिळतो आणि त्याची रांग सरळ जाणाऱ्यांची एक मार्गिका खाते. किलोमीटरभर लांब पण डाव्या वळणांचा रस्ता बऱ्याचदा आधी पोहोचवतो.

अ‍ॅपला कोंडी कळते कशी? आणि उड्डाणपुलापाशी हमखास का चुकतं? (पिंपरी)

रस्त्यावरच्या चालू फोनांकडून निनावी गोळा होणारी जागा आणि वेग हा मुख्य आधार. एखाद्या तुकड्यावर फोन हळू सरकायला लागले की तो तुकडा लाल होतो. २०२० मध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने बर्लिनमध्ये ९९ फोन एका छोट्या हातगाडीत भरून रिकाम्या रस्त्यावरून ओढले, आणि नकाशावर तिथे कोंडी उमटली. तेव्हा गूगलने सांगितलं होतं की भारतासह काही देशांत मोटार आणि दुचाकी यांच्यातला फरक आता ओळखता येतो. आपल्यासाठी हा मुद्दा कळीचा आहे. कोंडीत दुचाकी फटीतून पुढे सरकतात. त्यांचा वेग मोटारींच्या हिशेबात मिसळला तर रस्ता आहे त्यापेक्षा मोकळा दिसेल.

ताज्या वेगावर एकट्याने भागत नाही. तुम्ही त्या जागी पोहोचाल अर्ध्या तासाने, म्हणून अ‍ॅप जुन्या नोंदींवरून पुढची स्थिती ताडतं. रोजची कोंडी असेल तर हे चांगलं जमतं. मिरवणूक, मांडव, पालखी, अचानक बदललेली एकेरी वाहतूक, पाणी साचणं, इथे जुन्या नोंदींचा उपयोग नसतो. गणपतीच्या दहा दिवसांत पुण्याच्या पेठांमध्ये अ‍ॅपपेक्षा वाहतूक पोलिसांनी जाहीर केलेले बंद रस्ते आधी वाचावेत.

उड्डाणपुलाचं कारण साधं आहे. पूल आणि त्याखालचा रस्ता नकाशावर एकमेकांवर पडतात. फोनला उपग्रहांवरून आडवी जागा काही मीटरच्या फरकाने कळते, उंचीत चूक त्याहून जास्त असते, त्यात वर मेट्रोचा पूल असेल तर संकेत त्यावर आपटून येतात. त्यामुळे तुम्ही वर आहात की खाली हे अ‍ॅप मुख्यतः तुमच्या वेगावरून आणि पुढच्या वळणावरून ओळखतं. तोवर सूचना चुकीच्या येतात. उपाय: निघण्याआधी वाटेतले पूल बघून ठेवा आणि ‘हा पूल चढायचा, तो नाही’ एवढं मनात पक्कं करा. पुलाच्या तोंडाशी स्क्रीनकडे बघून ऐनवेळी मार्गिका बदलणं हा अपघाताचा सरळ रस्ता आहे.

बोगद्यात उपग्रहाचा संकेत नसतोच. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात शिरण्याआधीच बाहेर पडल्यावर कुठली मार्गिका घ्यायची ते ठरवून ठेवा.

नवा पूल झाला, वर्षभरात पुन्हा तेवढाच वेळ लागू लागला. गाड्या वाढल्या म्हणूनच ना? (नाशिक)

गाड्या वाढतातच, पण तेवढंच कारण नाही. मोकळा रस्ता दिसला की तीन प्रकारचे लोक त्यावर येतात: आधी दुसऱ्या रस्त्याने जाणारे, आधी आडवेळी जाणारे, आणि आधी बस किंवा लोकलने जाणारे. पहिले दोन तर पहिल्याच महिन्यात येतात.

त्यापलीकडे एक चमत्कारिक शक्यता आहे. प्रत्येक जण आपापला लवकरचा रस्ता निवडत गेला तर शेवटी अशी स्थिती येते की वापरातल्या सगळ्या रस्त्यांना सारखाच वेळ लागतो आणि रस्ता बदलून कुणालाच फायदा होत नाही. हे सूत्र वॉर्डरॉप या इंग्लिश अभ्यासकाने १९५२ मध्ये मांडलं. १९६८ मध्ये डीट्रिच ब्रेस या जर्मन गणितज्ञाने दाखवलं की अशा स्थितीत नवा रस्ता जोडल्याने सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो.

कागदावर करून बघा. सकाळी ४,००० मोटारी घरून कचेरीकडे निघतात. एक वाट ‘अ’ गावावरून, दुसरी ‘ब’ गावावरून. घर ते ‘अ’ हा अरुंद रस्ता, त्यावर जितक्या गाड्या त्याला १०० ने भागून येतील तितकी मिनिटं. ‘अ’ ते कचेरी रुंद पण लांब, कायम ४५ मिनिटं. दुसऱ्या वाटेवर उलट: घर ते ‘ब’ कायम ४५, ‘ब’ ते कचेरी गाड्यांप्रमाणे. गाड्या निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात, प्रत्येकाला २० अधिक ४५, म्हणजे ६५ मिनिटं. आता ‘अ’ आणि ‘ब’ यांना जोडणारा पूल बांधला, त्याला वेळ जवळजवळ शून्य. अरुंद तुकडा फार तर ४० मिनिटं घेणार, ४५ च्या रस्त्याने कोण जाईल? सगळे ४,००० अरुंद-पूल-अरुंद असे जातात: ४० अधिक ४०, एकूण ८० मिनिटं. एकट्याने जुनी वाट धरली तर ८५. म्हणून कुणी हलत नाही, आणि पूल नसताना होते त्यापेक्षा सगळे १५ मिनिटं उशिरा पोहोचतात.

प्रत्येक नव्या पुलाचं असं होतं, असं म्हणणं चूक ठरेल. ज्या पुलामुळे दोन अरुंद तुकडे एकमेकांना जोडले जातात त्याबद्दल मात्र हा संशय जरूर घ्यावा. पूल उतरतो कुठे, हे भूमिपूजनाच्या फलकावर लिहिलेलं नसतं.

मुख्य रस्त्यावर कोंडी झाली की अ‍ॅप गाड्या आमच्या सोसायटीच्या गल्लीत घालतं. थांबवायचं कसं? (पुणे, ठाणे, डोंबिवली)

ही तक्रार जगभर आहे. अमेरिकेत न्यूजर्सीमधल्या लिओनिया या छोट्या गावाने जानेवारी २०१८ मध्ये गर्दीच्या वेळी आतले बरेच रस्ते बाहेरच्या गाड्यांना बंद केले, कारण जॉर्ज वॉशिंग्टन पुलाकडे जाणाऱ्यांना अ‍ॅप तिथून वळवत होतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि गावाला नियम बदलावे लागले. म्हणजे नुसतं ‘बाहेरच्यांना मनाई’ टिकत नाही.

अ‍ॅपला दोन गोष्टी कळतात: कायदेशीर बंदी आणि खरोखरचा कमी वेग. बंदीसाठी वाहतूक पोलिसांकडे लेखी अर्ज करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली वाहनांवर निर्बंध घालता येतात. अर्जासोबत सकाळच्या दोन तासांत किती वाहनं गल्लीतून आरपार गेली याची मोजणी जोडा. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक अशी दोन माणसं नंबरांचे शेवटचे चार आकडे लिहून घेतात, आणि जुळलेले आकडे म्हणजे आरपार जाणारे. मागणी ‘बंद करा’ अशी करण्यापेक्षा, मध्ये आडवी गल्ली असेल तर, गल्लीचा अर्धा भाग एका दिशेने आणि उरलेला अर्धा उलट दिशेने एकेरी करा, अशी असावी. रहिवाशांना आत येता येतं, आरपार जाता येत नाही. आदेश निघाला आणि फलक लागला की नकाशात बदल सुचवा. फलकाचा फोटो जोडला तर सोपं जातं.

वेगासाठी गतिरोधक, पण मापातला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरने सहज ओलांडता येतो. सोसायटीने रात्रीत टाकलेला सिमेंटचा उंचवटा बेकायदा आहे, आणि त्यावर रुग्णवाहिकाही आपटते.

गल्लीतून जाणाऱ्यांसाठी: गल्लीची सरासरी छान दिसते, कारण वाईट दिवस तिथे क्वचित येतो. पण पाण्याचा टँकर किंवा शाळेची व्हॅन आडवी आली की मागे फिरायलाही जागा नसते. शिवाय गल्ली जिथे पुन्हा मुख्य रस्त्याला लागते तिथे सिग्नल नसतो. तिथे उजवीकडे वळायचं असेल तर गल्ली सोडूनच द्या.

मुरलेले टॅक्सीवाले अ‍ॅप बाजूला ठेवून त्यांच्याच रस्त्याने जातात. ते बरोबर की अ‍ॅप? (मुंबई)

माणूस रस्ता सबंध मोजत नाही, ठिकाणं जोडत जातो. लंडनमधल्या मिनीकॅबच्या, म्हणजे आधी बोलावून घ्यायच्या टॅक्सींच्या, सुमारे सात लाख फेऱ्यांचा २०१५ मध्ये अभ्यास झाला, त्यात सर्वांत कमी अंतराचा रस्ता हे स्पष्टीकरण अपुरं पडलं. चालक ओळखीच्या ठरावीक जागांकडे आधी जातात आणि तिथून पुढचं ठरवतात. मुंबईचा चालकही माहीम कॉजवे, दादर टीटी, शीव सर्कल, हाजी अली असाच विचार करतो. यात अंतर थोडं वाढतं, पण प्रत्येक नाक्यावर पर्याय उघडा राहतो: शीव सर्कलला पोहोचून पुढे लाल दिसलं तर वळता येतं. आत गल्लीत घुसलेल्याला ती सोय नाही.

लंडनच्या काळ्या टॅक्सीचा परवाना घ्यायला चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. तेवढं ज्याच्या डोक्यात आहे त्याच्याशी वाद घालू नये. नवख्या चालकाला मात्र अ‍ॅप बरं.

चालकाचं गणित तुमच्यापेक्षा वेगळंही असतं. उतारू सोडल्यावर दुसरं भाडं कुठे मिळेल, सीएनजी पंप कुठे आहे, हेही तो धरतो. रिक्षाला तर वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला मज्जावच.

दुचाकीसाठी वेगळं काही? (मुंबई)

अ‍ॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडा, भारतात तो डिसेंबर २०१७ पासून आहे. मोटारीचा रस्ता लावून निघालात तर ते तुम्हाला वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या तोंडाशी नेईल. तो सेतू, सागरी किनारा मार्ग, अटल सेतू आणि जे. जे. उड्डाणपूल दुचाकींना बंद आहेत.

अटल सेतूचा टोल परवडतो का? (उलवे)

२१.८ किलोमीटरचा हा पूल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, तेव्हा मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये ठेवला. वाशीच्या नाक्यावर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. त्यामुळे तुलना २५० विरुद्ध शून्य.

आधी इंधन वजा करा. पुलाने तुमचा रस्ता १२ किलोमीटरने कमी होत असेल, गाडी लिटरला १२ किलोमीटर जात असेल आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर १०५ रुपये तिथेच वाचले. उरले १४५. गर्दीच्या वेळी ३५ मिनिटं वाचत असतील तर ताशी सुमारे २५० रुपयांना वेळ विकत घेतलात. चौघं असाल तर माणशी साठ-बासष्ट. रात्री अकराला फक्त १० मिनिटं वाचत असतील तर तोच भाव ताशी ८७० होतो. म्हणजे जाताना पूल आणि रात्री परतताना वाशी, हेही हिशेबात बसतं. फक्त परतीचा एकत्र टोल ३७५ आहे, तेव्हा परतीचा पूल तुम्हाला १२५ मध्ये पडतो आणि रात्रीचं वाचलेलं पेट्रोल धरलं तर फरक वीस रुपयांवर येतो.

टेम्पोने दिवसाला आठ-नऊ दुकानांत माल टाकतो. क्रम कसा लावावा? (कोल्हापूर)

थांबे अ‍ॅपमध्ये भरले तरी गूगल मॅप्स त्यांचा क्रम आपणहून सुधारत नाही, तुम्ही भराल त्याच क्रमाने नेतं. म्हणून आधी कागदावर मुख्य रस्त्याच्या डाव्या बाजूची दुकानं एका यादीत, उजव्या बाजूची दुसऱ्या यादीत लिहा. जाताना पहिली यादी, येताना दुसरी. ज्या दुकानाची वेळ ठरलेली आहे ते आधी क्रमात बसवा आणि बाकीची त्याभोवती. पेठेतली दुकानं गाड्या लागायच्या आत, सकाळी उरका. आणि माल भरताना शेवटच्या दुकानाचा माल सर्वांत आत ठेवा, नाहीतर उत्तम क्रम लावूनही प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं खोकी हलवण्यात जातील.